यादीतलं दहावं नाव

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं आहे.

'मंडालेहून दहा निघाले, तौंजीला दहा पोचले, सबब अर्जदाराच्या तक्रारीत तथ्य आढळत नाही.' हे तुमचं वाक्य. सात अर्जांना सातही वेळा हेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. खाली सही, सहीवर शिक्का, आणि एका कागदावर तर तुमच्या चहाच्या कपाचं गोल वर्तुळसुद्धा. आठवा अर्ज मी करणार नाही. झालं ते सगळं लिहून काढणार आहे आणि गेटवरच्या प्रत्येक चहाच्या दुकानात त्याची एकेक प्रत ठेवणार आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात, उभ्यानं. त्यामुळे तुमचं ते 'सबब' मला जमत नाही. सरळ लिहितो.

ती यादी मी लिहिली होती. माझ्या हातानं, एका कागदाखाली चार कार्बन घालून. म्हणून सांगतो, त्या गाडीत माणसं नऊ होती.

मी को चो लिन. मंडालेच्या दक्षिण गेटवर लाइन गाड्यांच्या, म्हणजे ठरल्या रस्त्यानं भाडं घेऊन धावणाऱ्या गाड्यांच्या, याद्या लिहितो, सतरा वर्षं. कोण कुठे चाललं, वय किती, बाप कोण, गाव कुठलं, ओळखपत्राचा नंबर काय. प्रत्येक नाक्यावर एक प्रत द्यायची, शिपायानं माणसं मोजायची, आकडा जुळला की आडवा बांबू वर. सतरा वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आकड्यावर होता.

न्वे यिन माझी धाकटी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा ती रांगत होती, म्हणजे तिचं नाक मी पुसलंय, वेणी मी घातलीय, पाढे मी घोटून घेतलेत. तिला तौंजीच्या नर्सिंगच्या वर्गात जागा मिळाली. मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत वसतिगृहात हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. हे पत्र तुमच्या टपालानं रविवारी दिलं, नऊ दिवस उशिरा. मोठ्या बसचं भाडं आमच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून ऊ तुन हानची हायलक्स, मागं उघडी असते ती मालगाडी. सुक्या मासळीची पोती आणि शेंगतेलाचे डबे वर घेऊन जायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. पोत्यावर बसलं की भाडं अर्धं. माझं तर तेही नाही, कारण नाक्यावर यादी घेऊन उतरायला त्याला माणूस लागायचाच. बारा तासांचा रस्ता, आई घरून भाताचे डबे देणार, रात्री मी त्याच गाडीत झोपून सकाळी परत. आमच्यासारखे लोक असेच फिरतात, साहेब.

छत्र्या विकणारा एक जण दहावा येणार होता. तो आला नाही. साडेपाच वाजले तसा ऊ तुन हाननं बॉनेटवर हात आपटला.

"नऊ जण घेऊन मी चाक हलवणार नाही. मास्तर, धरून आण कुणालातरी. भिकारी चालेल, माझी सासू चालेल."

"तुमची सासू गेली ना, काका?"

"मग तर फारच बरं. बडबडणार नाही."

मागे बसलेले तीन गवंडी हसले. तिघे भाऊ, पखोक्कूचे, वर कुठेतरी शाळेच्या बांधकामाला निघालेले. घोंगड्या विकणारं एक नवराबायकोचं जोडपं होतं. मुरवलेल्या चहापत्तीचा धंदा करणाऱ्या दॉ म्या खिन मावशी होत्या, महिन्यातून दोनदा हा रस्ता करणाऱ्या. आम्ही दोघं, आणि ऊ तुन हान स्वतः. मोजा. नऊ.

नऊ जणांनी मिळून निघायचं नसतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दहावा म्हणून दगड घ्यायचा. दरवेळी घेतात. त्यात काही विशेष नाही.

पण नियम तुमचाही होता. दहाचा परवाना असलेल्या गाडीच्या यादीत दहा नावं नसतील तर कंट्रोलचं पेट्रोल नाही आणि शिक्काही नाही. ऊ तुन हानला दहावा दगड चालत होता. तुम्हाला दहावं नाव हवं होतं. पुढची गाडी शुक्रवारी.

दगड न्वे यिननंच आणला. गेटवरच्या पाणपोईच्या रांजणाला खालून टेकण म्हणून लावलेला. नारळाएवढा, काळसर, एका बाजूनं चपटा. तो काढल्यावर रांजण जरासा कलला आणि पाणी काठाला आलं.

"दगडू नाव ठेवा," थोरला गवंडी म्हणाला. "आमच्याच धंद्यातला माणूस."

"तीन गवंडी पुरे झाले," न्वे यिन म्हणाली. "ही मुलगी आहे. माझ्याशेजारी बसणार. आज मंगळवार, म्हणजे वाराप्रमाणे नाव 'स'नं. सान यी. कशी आहे, दादा?"

"तुझ्यापेक्षा गप्प आहे. चांगली आहे."

दॉ म्या खिन मावशींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "दगडाला दगड म्हणायचं, पोरी. 'चल आमच्याबरोबर' एवढंच बोलायचं. पोचलो की रस्त्याच्या कडेला ठेवायचं, 'पोचलो, जा आता' म्हणायचं, संपलं. नाव-गाव कशाला देतेस?"

"यादीत लिहायला नको का, मावशी? साहेबांना नाव लागतं."

"साहेबांना लागतं तर साहेबांचं लिहा."

सगळे हसले. मी लिहायला बसलो. नाव: मा सान यी. वय: वरच्या ओळीत न्वे यिनचं बावीस होतं, तेच खाली उतरवलं. बापाच्या रकान्यात पेन अडकलं. दगडाचा बाप कोण लिहायचा? पाच चाळीस झाले होते. हात सवयीनं पुढे गेला आणि वर होतं तेच खाली लिहून मोकळा झाला. ऊ बा ट्वे. माझा बाप. ओळखपत्राच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली.

ही माझी चूक. ती मी सातही अर्जांत कबूल केली आहे. तुम्ही त्यावर मला आत टाकलं नाहीत, कारण आत टाकायचं तर यादी खोटी आहे असं आधी लिहावं लागलं असतं.

तुमचा माणूस चहात पिठाचा तळलेला तुकडा बुडवत होता. त्यानं ओळी मोजल्या, दहा भरल्या, शिक्का मारला. मान वर केली नाही. वर केली असती तर त्याला दिसलं असतं: पोत्यावर माझी बहीण, तिच्या मांडीवर दगड, आणि ती डबीतला तनाखा, खोड उगाळून केलेला तो पिवळसर लेप, बोटानं त्या दगडाला लावत होती. आपल्या गालांवर लावतो तशीच, दोन गोल.

पहिल्या नाक्यावर शिपायानं दांडक्यानं हवेत मोजलं आणि "दहा, जा" म्हणाला. मी पुढे केबिनमध्ये बसलो होतो. ऊ तुन हान हसला.

"बघितलंस? दगड मोजतात, माणसं सोडतात. खात्यात भरतीच अशी करतात."

मीही हसलो. शिपाई झोपेत असेल म्हटलं.

दुसऱ्या नाक्यावरचा शिपाई तरुण होता, झोपेत नव्हता. एकेकाच्या खांद्याला बोट लावत गेला. आम्हा दोघांना मोजलं, मग मागे गेला. मी आरशातून बघत होतो. त्याचं बोट न्वे यिनच्या खांद्याला लागलं आणि मग तिच्या डाव्या अंगाला, थोडं खाली, आणखी एकदा. "दहा." कागद घेतला. बांबू वर गेला. मी मनातल्या मनात पुन्हा मोजलं, आणि न्वे यिननं मस्करीत दगड वर उचलून धरला असेल असं ठरवून टाकलं.

मेइक्तिलाच्या तळ्याकाठी साडेदहाला थांबलो. डबे असूनही सगळ्यांनी माशाच्या रश्शातल्या शेवयांची गरम मोहिंगा मागवली, सकाळपासूनच्या गारठ्यानं. दुकानाच्या बाईनं वाडगे आणून ठेवले. एक जास्त होता.

"नऊ सांगितले होते," मी म्हणालो.

"तुमच्या पोरीनं दहा सांगितले." बाईनं लांब बाकाच्या टोकाला बसलेल्या न्वे यिनकडे हनुवटी केली. "म्हणाली, आम्ही दोघी आहोत."

न्वे यिननं दगड बाकावर शेजारी ठेवला होता आणि त्याच्यासमोर वाडगा. मला तिचा जरा राग आला. एकेक वाडगा कसा येतो हे तिला माहीत होतं.

"कोण खाणार ते?"

"खाईल ती. तू बघत बसलास तर लाजेल."

मी हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा वाडगा रिकामा होता. तळाशी लिंबाची बी. मी गवंड्यांकडे बघितलं.

"आमच्याकडे कसले बघता, मास्तर?" धाकटा म्हणाला. "आम्ही आमचंच संपवलं नाही अजून."

दॉ म्या खिन मावशी चमचा हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी पुढे एक घासही घेतला नाही.

यिनमाबिनला सपाट रस्ता संपतो. तिथं गाड्या टाकीत पाणी भरून घेतात, मग चढ. ऊ तुन हान खाली वाकून मागची चाकं बघत होता. डावीकडच्या स्प्रिंगा बसल्या होत्या.

"पोती मीच लावलीत," तो म्हणाला. "दोन्हीकडे सारखी. मग ही डावीकडे का ओढतेय? तुझ्या बहिणीनं ट्रंकेत काय धोंडे भरलेत का रे?"

"नेसायच्या दोन लोंज्या आहेत ट्रंकेत, काका."

त्यानं थोरल्या गवंड्याला उजवीकडे बसवलं. मग मधल्याला. गाडी तरी डावीकडेच कललेली. शेवटी त्यानं सोडून दिलं आणि चढावर सगळा वेळ चाक उजवीकडे दाबून धरलं. त्याचे दंड थरथरत होते, मी बाजूलाच होतो, मला दिसत होते.

अर्ध्या चढावर झऱ्याजवळ इंजीन थंड करायला थांबलो. हवा बदलली होती. पाइनचा वास, उन्हात असूनही अंगाला गार. दॉ म्या खिन मावशी खाली उतरून माझ्याकडे आल्या.

"तुझी बहीण कुणाशी बोलतेय, ते बघून ये."

"दगडाशी बोलत असेल. वात्रट आहे ती."

"तिचं बोलणं मलाही ऐकू येतं, बाबा. ती मध्ये थांबते. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबते, मग पुढं बोलते. यिनमाबिनपासून."

मी मागे गेलो. न्वे यिन पोत्यांच्या घळीत, केबिनला पाठ टेकून बसली होती. अंगात पातळ सदरा, दातांवर दात वाजत होते. तिची शाल दगडाला गुंडाळलेली होती.

"शाल घे अंगावर."

"तिला थंडी वाजतेय, दादा. ती खाली नदीत वाढलीय, उंचावर कधी आली नाही."

"न्वे यिन, पुरे आता."

"मी काय केलं? तूच लिहिलंस ना तिला बहीण? आता बघ तिच्याकडे." ती हसली. माझ्या बहिणीचं हसणं साहेब, खालचा ओठ आधी एका बाजूला जातो आणि मग दात दिसतात. तसंच हसली. मी माझं जाकीट काढून तिच्या अंगावर टाकलं आणि पुढे येऊन बसलो.

हे आमचं शेवटचं बोलणं.

मी तेव्हाच दगड उचलून दरीत फेकायला हवा होता. पण यादीत दहा होते, पुढे अजून दोन नाकी होती, आणि घड्याळात दोन वाजले होते. मला सहाच्या आत तौंजी गाठायचं होतं. तिच्या जागेसाठी. मी आकड्याला घाबरलो.

केबिनच्या पाठीला हातभर रुंद काच आहे. धुळीनं माखलेली. तिच्यातून न्वे यिनचं डोकं दिसायचं, लाल कंगवा खोवलेला अंबाडा. कलौच्या अलीकडे मी मागे वळून बघितलं.

दोन डोकी होती.

एकावर लाल कंगवा, माझ्या जाकिटाची कॉलर. दुसऱ्यावर शाल. दोन्ही एकमेकांना टेकलेली, प्रवासात झोप लागल्यावर टेकतात तशी.

घोंगडीवाली बाई असेल म्हटलं. मग मी आरशात बघितलं. घोंगडीवाली आणि तिचा नवरा उजव्या कडेला होते. तिन्ही गवंडीही उजवीकडेच, एकमेकांवर चढल्यासारखे, लोखंडी दांडीला धरून. मावशी शेपटाजवळच्या फळीवर, पाय बाहेर सोडून, मण्यांची माळ ओढत. डाव्या बाजूला दुसरं कुणी नव्हतं.

कलौच्या नाक्यावर मी शिपायाबरोबर मागे जायला निघालो. ऊ तुन हाननं माझं मनगट धरलं.

"बसून राहा."

"का?"

"गाडी अजून ओढतेय," तो म्हणाला. बस, एवढंच. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दहा," बाहेरून आवाज आला.

औंगबानला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा दॉ म्या खिन मावशी केबिनमध्ये शिरल्या आणि माझ्या मांडीवर अर्ध्या बसल्या. केबिनच्या वासानं त्यांना ओकारी येते, म्हणून पूर्ण भाडं देऊन त्या मागे बसायच्या. त्यांच्या अंगाला घामाचा वास येत होता, त्या थंडीत.

"पोचल्याबरोबर सोड तिला," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या कडेला ठेव आणि शब्द म्हण. विसरू नकोस."

"कुणाला, मावशी?"

त्या माळ ओढत राहिल्या.

मी काचेवर बोटानं टकटक केलं. 'ठीक आहे ना?' म्हणून. लहानपणापासूनची आमची खूण, दोनदा टकटक, तिनं हात वर करायचा.

हात वर झाला.

मग शालीतूनही एक झाला.

मी गाडी थांबवायला सांगितलं नाही. साडेचार वाजले होते.

तौंजीच्या चढावर पुढं काय बघितलं ते मला सांगता येत नाही, कारण मी समोर बघत होतो. आम्ही तिघेही समोरच बघत होतो.

पाच पन्नासला गेटवर पोचलो.

मी उडी मारली. तुमच्या कारकुनानं मला खिडकीशी अडवलं. "यादी आधी." यादी दिली. मूळ प्रत, शेवटची. त्यानं ती वहीला जोडली आणि माझीच सही पहिल्यांदा घेतली.

"उतरलेल्यांनी सह्या करा रे," तो ओरडला.

माझ्या पाठीमागून एकेक जण येत गेला. मला खिडकीतून सरकू देईना, कारण प्रत्येक ओळीला मी 'बरोबर' म्हणायचं असतं. मी वहीकडे बघत 'बरोबर, बरोबर' म्हणत होतो. गवंड्यांचे अंगठे. मावशींची वाकडी सही. घोंगडीवाल्यांची. मग न्वे यिनची ओळ, तिच्या अक्षरात सही. मी वळणार, तेवढ्यात खालच्या ओळीवर एक अंगठा उमटला. शाई न लावता. कोरडा, राखाडी, चुन्याची भुकटी चिकटावी तसा.

"बरोबर?" कारकून म्हणाला.

मी वळून बघितलं. पाठीमागे कुणी नव्हतं.

गाडीकडे धावलो. पोती होती. माझं जाकीट घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर दगड होता.

पण तो रांजणाखालचा नव्हता. रांजणाखालचा चपटा होता, मी तो उचलून बघितला होता. हा गोल होता, हलका होता, आणि त्याच्या एकाच बाजूला तनाखा होता, डाव्या. न्वे यिनच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग आहे, ती डावीकडे जाड थर लावते. असा.

"माझी बहीण कुठे गेली?"

"गेल्या की," कारकून वही मिटत म्हणाला. "दोघी बहिणी हातात हात घालून गेल्या. धाकटीला काही आजार आहे का? काय ते तोंडाला थापलंय, चेहराच दिसेना."

शब्द म्हणायचे राहून गेले. मावशींनी मला तीनदा हाक मारली म्हणे. मी वसतिगृहाकडे पळत होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, साहेब, पण ते तुम्ही कधी एका कागदावर आणलं नाही. मी आणतो.

वसतिगृहाच्या वहीत त्या संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना मुलगी हजर झाली. नाव सान यी, बाप ऊ बा ट्वे, मंडाले. बाईंनी मला सांगितलं, नावात टपालाचा घोळ झाला असेल, बाप तोच आहे, वय तेच आहे, पत्र तिच्याकडे होतं. न्वे यिन नावाची कुणी आली नाही. मी भेट मागितली. आत निरोप गेला, बाहेर आला: दमलीय, भेटायचं नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक मुलगी पाठमोरी उभी होती. अंबाड्यात लाल कंगवा होता. मी दोनदा फाटकावर टकटक केलं.

तिनं हात वर केला नाही.

त्यानंतर अकरा महिने. दर महिन्याला आईच्या नावे पत्र येतं. सुबक अक्षर, एकही खाडाखोड नाही. अभ्यास चांगला चालला आहे, जेवण चांगलं आहे, थंडी आता बाधत नाही. न्वे यिनच्या पत्रात शिव्या असायच्या साहेब, शेजारणीच्या, डाळीच्या, माझ्या. आई ती पत्रं माझ्याकडून वाचून घेते आणि म्हणते, "कुणाची का असेना, पोर सभ्य आहे." मग उठून फळीकडे जाते.

फळीवर तो दगड आहे. त्याला सकाळी तनाखा लागलेला असतो, ओला. आई लावते असं मी धरून चाललो होतो. मागच्या महिन्यात आई पंधरा दिवस विहारात राहिली. दाराची किल्ली माझ्या कमरेला होती. पंधराही सकाळी मी बोट लावून बघितलं.

म्हणून मी तुमच्याकडे, तौंजीच्या गेटवर, येत राहिलो. माझी मागणी साधी होती: दहावी ओळ खोडा. ती खोडलीत की नऊ निघाले आणि आठ पोचले हे दिसेल, आणि मग तुम्हाला माझी बहीण शोधावी लागेल. गवंडी साक्ष द्यायला तयार होते, तुम्ही बोलावलं नाही. मावशींनी तर तुमच्या दारात उभं राहून तुम्हाला जे सुनावलं ते सगळ्या गेटनं ऐकलं. तुम्ही म्हणालात, आकडा जुळतो.

शुक्रवारी वर गेलेली गाडी परवा खाली आली. ऊ तुन हान माझ्या टेबलाशी आला आणि उभाच राहिला. तो हल्ली माझ्याशी फार बोलत नाही.

"येत्या बुधवारी ती घरी येतेय," तो म्हणाला. "सुट्टीला. माझ्याच गाडीनं. दुसरीनं यायला नाही म्हणते."

"कोण?"

"तू लिहिलीस ती."

त्यानं आगाऊ यादी माझ्यापुढे ठेवली. आठ नावं आणि नववं सान यीचं.

"नऊ होतात," मी म्हणालो.

"तेच मी तिला म्हणालो. म्हटलं, पोरी, नऊ घेऊन मी निघत नाही, तुला माहीत आहे." त्यानं ओठ पुसले. "म्हणाली, काका, दहावं मी बघते. माझ्याकडे आहे. नाव आत्ताच लिहून ठेवते."

दहावी ओळ तिच्या सुबक अक्षरात होती. मा न्वे यिन. वय बावीस. बाप ऊ बा ट्वे. गाव मंडाले.

ओळखपत्राच्या रकान्यात एक आडवी रेघ.

न्वे यिनला ओळखपत्र आहे, साहेब. त्याचा नंबर मला तोंडपाठ आहे, मूळ यादीत मी तो लिहिलेला आहे, तुमच्या कपाटात ती यादी आहे.

आईनं कालपासून दोन अंथरुणं उन्हात घातली आहेत. फळीवरचा दगड आज सकाळी कोरडा होता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

ती यादी बुधवारी पहाटे तौंजीच्या खिडकीत तुमच्या शिक्क्यासाठी येईल. या वेळी मान वर करा. गाडीजवळ जा, शाल बाजूला करा, बघा, आणि शिक्का मारायच्या आधी मला लेखी कळवा: दहावी ओळ माणूस आहे की दगड? आणि संध्याकाळी आमच्या दारावर दोनदा टकटक झाली, तर मी दार कुणाला उघडू?